आशियाई स्पर्धेतलं कबड्डीचं सोनं 2018 ला का गेलं? आणि 2023 ला मिळालेलं सोनं पंचांच्या गोंधळामुळे मिळालं, हे खरं का? आणि खेड्यातल्या कबड्डीचा या सगळ्याशी काही संबंध उरलाय का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण भांडणं त्यावरूनच होतात. नाही, हांगझोऊचं, म्हणजे 2023 चं सोनं गोंधळामुळे मिळालेलं नाही. गोंधळ झाला हे शंभर टक्के खरं. निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला, सामना जवळजवळ तासभर अडकला. पण शेवटी जो नियम लावला तो आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकातलाच होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचंही.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. पूर्वी डाव्या कोपऱ्याला, म्हणजे बचावफळीच्या डाव्या टोकाला खेळायचो, आता गुडघा ऐकत नाही म्हणून जत्रेतल्या आणि गणपतीतल्या स्पर्धांना शिट्टी घेऊन उभा असतो. त्यामुळे माझं उत्तर पंचाच्या बाजूने थोडं झुकलं तर चालवून घ्या.

7 ऑक्टोबर 2023. पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण, 28-28. शेवटचं मिनिटभर उरलेलं आणि पवन सेहरावतची ‘डू ऑर डाय’ चढाई. म्हणजे आधीच्या दोन चढाया कोऱ्या, बिनगुणाच्या गेलेल्या, आता गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. पवन आत गेला आणि कुणालाही हात न लागता लॉबीत उतरला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत आले.

आता लॉबी म्हणजे काय ते सांगतो, कारण टीव्हीवर पाहणाऱ्या निम्म्या लोकांना ती मैदानाचाच भाग वाटते. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं. त्यात दोन्ही कडांना एकेक मीटरचा पट्टा, ती लॉबी. चढाईपटू आणि बचाव यांचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की ती मैदानात धरतात. स्पर्श नसेल तर ती मैदानाबाहेरच. स्पर्शाशिवाय जो तिच्यात पाय ठेवेल तो बाद, मग तो चढाईवाला असो की बचाववाला. पुस्तकातला नियम हा असा. या हिशेबाने पवन बाद, म्हणून इराणला एक गुण. आणि त्याच्या मागे गेलेले इराणी बचावपटूही बाद, त्यांचे गुण भारताला.

प्रो कबड्डी लीगने मात्र हा नियम स्वतःपुरता बदलला आहे. तिथे स्पर्शाशिवाय चढाईपटू लॉबीत गेला की तो एकटाच बाद आणि चढाई तिथेच संपली. मागून कोण आला, कोण गेला, याला किंमत नाही. बदल समजूतदार आहे. चढाईपटूने मुद्दाम लॉबीत उतरायचं आणि तीन-चार जणांना ओढून बाद करायचं, ही पळवाट त्याने बंद होते. माझ्या हातात असतं तर मी लीगचाच नियम सगळीकडे लावला असता. पण माझ्या हातात नाही, आणि त्या दिवशी हांगझोऊच्या पंचांच्या हातातही नव्हतं. आशियाई स्पर्धा लीगच्या नियमावर चालत नाही.

मग गोंधळ का झाला? मॅटवरचे दोन्हीकडचे बरेच खेळाडू वर्षातले काही महिने लीगच्या नियमाने पोट भरतात. त्यांच्या अंगात तोच नियम मुरलेला. पंच एकदा इकडे झुकले, एकदा तिकडे. खेळाडू मॅटवर ठिय्या मारून बसले. आमच्या गावातल्या स्पर्धेत हेच घडतं, फक्त तिथे खेळाडूंबरोबर प्रेक्षकही आत येऊन बसतात आणि स्पीकरवरून कमिटीचे अध्यक्ष विनंती करत राहतात. हांगझोऊनंतर तर आमच्याकडे नाणेफेकीच्या आधीच कप्तान विचारायला लागले, “सर, टीव्हीवरचा रूल की बुकातला रूल, ते आधी सांगा.” प्रश्न रास्त आहे. स्पर्धेआधीच्या तांत्रिक बैठकीत हा मुद्दा दोन्ही संघांच्या समोर ठेवून मोकळा करायला हवा होता. तो तसा झाला असता तर अंतिम सामन्याची शोभा गेली नसती. दोष असेल तर तो नियम कोणता हे चोख न सांगणाऱ्यांचा. भारतीय संघाने काही लाटलं असं म्हणायला जागा नाही.

शेवटी 33-29. थांबलेल्या क्षणापासून इराणच्या पाटीवर एकच गुण वाढला, तो पवन बाद झाल्याचा. तुम्ही लीगचा नियम लावून पाहिलात तर इराण 29-28 ने पुढे जातं, आणि पुढे काय झालं असतं ते कुणीच सांगू शकत नाही. इराण्यांना राग येणं साहजिक आहे. पण नियम सामन्याच्या मधे बदलत नसतो.

आता 2018, म्हणजे जकार्ता.

बहुतेक लोक तो पराभव अपघातासारखा सांगतात: एक दिवस वाईट गेला, अजय ठाकूरला लागलं, संपलं. मला हे पटत नाही. आकडे एका ओळीत मांडा. 2010 ला ग्वांगझूत अंतिम सामन्यात इराणला आपण 37-20 ने हरवलं. 2014 ला इंचॉनमध्ये तोच प्रतिस्पर्धी, तोच अंतिम सामना, आणि गुण 27-25. चार वर्षांत सतरा गुणांचं अंतर दोनवर आलं. 2016 च्या विश्वचषकात अहमदाबादला, आपल्याच प्रेक्षकांसमोर, सलामीला दक्षिण कोरियाने आपल्याला 34-32 ने पाडलं. पुढे आपण अंतिम सामन्यात इराणला 38-29 ने हरवून चषक जिंकला आणि सलामीचा सामना सगळे विसरले. 1990 ला बीजिंगमध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून 2014 पर्यंत पुरुषांची सातच्या सात सुवर्णं आपली. सात वेळा सोनं आणणाऱ्याला कोण सांगणार की बाबा, मागचा जवळ आलाय?

जकार्तात मग दोन्ही हिशेब एकाच आठवड्यात चुकते झाले. साखळीत कोरिया 24, भारत 23. आशियाई स्पर्धेतला आपल्या पुरुष संघाचा हा पहिला पराभव. आणि 23 ऑगस्टला उपांत्य सामन्यात इराण 27, भारत 18. मध्यंतराला 9-9 होतं हे लक्षात घ्या. दुसऱ्या वीस मिनिटांत जगप्रसिद्ध चढाईपटूंच्या आपल्या अख्ख्या संघाला मिळून नऊ गुण.

का? माझं मत असं की तो संघ बचावावर हरला, आणि तो हरणार हे निवडीतच दिसत होतं. नावं पाहा: अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, रिशांक देवाडिगा, मोनू गोयत, रोहित कुमार. बारा जणांच्या चमूत अर्धे निव्वळ चढाईवाले. लीगमध्ये पोस्टरवर झळकणारे चेहरे. आणि तगडा इराणी संघ समोर असताना कोपऱ्यात आणि मध्यरक्षणात पर्याय किती, तर गिरीश एर्नाक, मोहित छिल्लर आणि आणखी दोघं-तिघं. कबड्डी चढाईने रंगते, पण 18-27 सारखे कमी गुणांचे सामने पकडीवर जातात. इराणने हे ओळखलं होतं. त्यांनी सामना मुद्दाम संथ केला, कोऱ्या चढाया केल्या, आपल्याला ‘डू ऑर डाय’वर आणलं आणि मग फझल अत्राचली, अबोझर मिघानी ही त्यांची पकडीची मंडळी तयारीत बसलेली.

हे दोघे आपल्याला परके होते का? अजिबात नाही. प्रदीपची डुबकी, म्हणजे बचावपटूंच्या हाताखालून निसटायची चाल, कुठल्या पायावर सुरू होते, राहुल बोनस घेताना कुठला खांदा पुढे टाकतो, हे अत्राचलीला आपल्या निवड समितीपेक्षा जास्त ठाऊक असावं, कारण तो लीगमध्ये आठवड्याआड त्यांनाच पकडत होता. त्याच 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याला एक कोटीला घेतलं. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला परदेशी. कोरियाचा जांग कुन ली तर 2014 पासून बंगालच्या संघातून खेळत होता. घाटावरच्या तालमीत बाहेरच्या पैलवानाला रोज जोर करू द्या, खुराक द्या, आपल्या पोरांचे डाव दाखवा, आणि मग मैदानात त्याने आपल्याच डावाने चितपट केलं तर ओरडू नका. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. लीगने कबड्डीला पैसा आणि आयुष्य दिलं. फक्त त्याची ही दुसरी बाजू आपल्याला 2018 पर्यंत दिसली नाही.

इराण्यांचं अंगही मुळात कुस्तीचं. मनगट, पाठ, पकडल्यावर न सोडणं. आमच्या भागात कबड्डी खेळणारी निम्मी पोरं सकाळी तालमीत असतात, म्हणून हे आम्हाला पटकन कळतं. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती पाहिलेला माणूस अत्राचलीची मांडी पकड पाहून पहिल्यांदा हेच म्हणतो.

महिलांचं प्रकरण मला जास्त बोचतं आणि जास्त आवडतंही. दुसऱ्याच दिवशी महिलांचा अंतिम सामना, इराण 27, भारत 24. 2010 आणि 2014 ची दोन्ही सुवर्णं आपल्या मुलींनी आणली होती; त्यात कर्नाटकच्या ममता पुजारी आणि तेजस्विनी बाई होत्या, म्हणून आमच्याकडे त्या सामन्याकडे जरा जास्तच लक्ष. आणि समोरच्या बाकावर इराणच्या प्रशिक्षक म्हणून कोण, तर नाशिकच्या शैलजा जैन! महाराष्ट्रात वर्षानुवर्षं मुली घडवलेली बाई. त्यांनी इराणला जाऊन तिथल्या मुलींना प्राणायामापासून शिकवलं, थोडी फारसी शिकून घेतली आणि सोनं मिळवून दिलं. त्यावेळी काही लोकांनी त्यांच्यावर टीका केली. मला ती टीका आजही समजत नाही. ज्या बाईला आपल्याकडे मोठं काम मिळालं नाही, तिने दुसरीकडे काम चोख केलं. रागवायचंच असेल तर तिला इथे न विचारणाऱ्यांवर रागवा.

आणि इथे महासंघाचं सांगावंच लागेल. ऑगस्ट 2018 मध्ये, म्हणजे संघ जकार्ताला निघायच्या तोंडावर, दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या निवडणुका रद्द ठरवून प्रशासक बसवला. संघनिवडीवरही माजी खेळाडू न्यायालयात गेले होते. पदावर कोण बसणार याच्याच धावपळीत असलेल्या संघटनेकडून कोपरारक्षकांचा विचार होईल अशी अपेक्षा करणंच भाबडेपणा होता. बाकी या विषयात मी शिरत नाही. जिल्हा पातळीवर राहायचं तर काही गोष्टी न लिहिलेल्या बऱ्या.

जाता जाता एक. त्याच जकार्तात आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या मलप्रभा जाधवने कुराशमध्ये 52 किलो गटात ब्राँझ मिळवलं. कुराश म्हणजे काय हे तोवर इथे फार कुणाला माहीत नव्हतं. ज्युदोच्या चुलत घराण्यातला उझबेकी खेळ. पुरुषांच्या कबड्डीत नुसतं ब्राँझ आलं म्हणून चहाच्या टपरीवर सुतक होतं आणि दुसरं ब्राँझ आलं म्हणून काही दिवसांनी बॅनर लागले. धातू एकच. अपेक्षा कुणाकडून किती, यावर सगळं.

मग 2018 ते 2023 मध्ये काय सुधारलं? बचाव. हांगझोऊच्या संघात नितेश कुमार, परवेश भैंसवाल, सुरजीत सिंग, विशाल भारद्वाज, सुनील कुमार असे कोपऱ्यातले आणि मध्यरक्षणातले नावाजलेले गडी होते. चढाईला पवन, नवीन कुमार, अर्जुन देशवाल आणि आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. अस्लम चढाई करतो तसा पकडीलाही उभा राहतो, आणि 2018 च्या संघाला नेमका असाच माणूस हवा होता. त्याच वर्षी जूनमध्ये बुसानला आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात याच संघाने इराणला 42-32 ने हरवलं होतं, त्यामुळे तयारी कागदावरची नव्हती. उपांत्य सामन्यात पाकिस्तानला 61-14 ने धुतलं, त्यातून काही शिकायला मिळत नाही. तो सामना पाकिस्तान हरला म्हणून इथे फटाके वाजले इतकंच. खरी परीक्षा इराण होती आणि ती चार गुणांनी सुटली, तीही वादानंतर.

मुलींचा अंतिम सामना त्याहून बारीक. चायनीज तैपेई, म्हणजे तैवानविरुद्ध 26-25. साखळीत याच संघाशी 34-34 अशी बरोबरी झाली होती. रितू नेगीच्या संघाचं ते सोनं म्हणजे त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक, म्हणून दिल्लीपासून आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांनी शंभरचा आकडा साजरा केला आणि एका गुणाचं अंतर कुणी पाहिलं नाही. स्नेहल शिंदे, सोनाली शिंगटे या आपल्या मुली त्या संघात होत्या. तैवानसारखा संघ, जिथे कबड्डी शाळेत शिकवावी लागते, तो एका गुणावर येऊन ठेपला, ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी बातमी होती असं मला वाटतं. 2025 च्या मार्चमध्ये तेहरानला जाऊन आपल्या मुलींनी इराणला 32-25 ने हरवून आशियाई अजिंक्यपद राखलं, म्हणजे घसरण चालू आहे असंही नाही. पण वर्चस्व परत आलं म्हणाल तर मी मान्य करणार नाही. सोनं परत आलंय.

आमच्याकडचे जुने लोक याला हॉकीचा दाखला देतात, आणि तो चपखल आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांचं नाव इथल्या म्हाताऱ्यांना पाठ. ते याच रेजिमेंटचे. ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णं जिंकलेला भारत 1958 ला पहिल्यांदा आशियाई स्पर्धेत हॉकी खेळला, पाकिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली आणि गोलांच्या सरासरीवर सोनं पाकिस्तानला गेलं. 1962 ला अंतिम सामन्यात 0-2 ने पुन्हा पाकिस्तानच. 1966 ला बँकॉकमध्ये शंकर लक्ष्मण कप्तान असताना 1-0 ने पहिलं सोनं आलं. त्या सोन्यानंतर हॉकीत पाकिस्तान दुबळं झालं का? नाही. पुढेही ते आपल्या बरोबरीने, बहुतेकदा आपल्या पुढेच राहिलं. कबड्डीत इराणचं तसंच धरून चाला.

तुम्ही प्रश्नात शेवटी विचारलंय की खेड्यातल्या कबड्डीचा या सगळ्याशी काही संबंध उरलाय का. आहे, पण वाटतो तसा नाही. आमची पोरं तांबड्या मातीवर अनवाणी खेळून मोठी होतात. मॅटवर बूट घालून उतरली की पहिले काही आठवडे त्यांचा पाय मातीच्या सवयीने सरकायला बघतो आणि मॅट तो सरकू देत नाही, मग घोटे मुरगळतात. डाव्या कोपऱ्यातून घोटा पकड मारताना मातीवर अंग घसरत नेता येतं. मॅटवर तीच उडी कोपर सोलून काढते. आता तालुक्याच्या ठिकाणी मॅट आल्यात, पण सरावाला रोज मिळेल अशी सोय सगळीकडे नाही. शिवाय सीमाभागातल्या पोराचा आणखी एक पेच आहे. राज्य संघाची निवड कर्नाटकाची, तिथे मंगळूर, म्हैसूर, बेंगळूरकडच्या पोरांशी गाठ. आणि सुट्टीच्या दिवशी खेळायचं ते चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे, कारण स्पर्धा जवळ तिकडेच. दोन्हीकडची धाटणी शिकतो खरा, पण निवड समितीच्या डोळ्यासमोर कुणाच्याच कायम नसतो. लीगच्या वेळी मात्र मजा असते. पुणेरी पलटण आणि बेंगळूरु बुल्स यांच्या सामन्याला एकाच घरात भाऊ-भाऊ भांडतात. 2024 ला पलटण जिंकली तेव्हा कप्तान अस्लम नगरचा आणि प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकचे, त्यामुळे दोघांनीही आपलाच विजय म्हणून पेढे मागितले.

पुढची आशियाई स्पर्धा 2026 ला जपानमध्ये, आइची-नागोयाला. संघ जाहीर झाला की चढाईपटूंची नावं वाचत बसू नका. डावा कोपरा कोण आणि तो दुखावला तर त्याच्या जागी कोण, एवढं पाहा. ही दोन नावं वाचून तुम्हाला लगेच चेहरे आठवले, तर मी तुमच्याबरोबर सोन्यावर पैज लावायला तयार आहे. आणि स्पर्धेआधी लॉबीचा नियम कुठला, हे कुणी लेखी जाहीर केलं तर कृपया इथे कळवा, मला कप्तानांना उत्तर द्यायचं असतं.